विश्लेषण : मोटार घरी ठेवून भाजे-लोहगड-कार्ला... लोकलने दोन दिवसांची पायी भटकंती कशी जमवायची?

पावसाळ्यातला शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याकडून लोणावळ्याच्या दिशेने मोटारींची रांग लागते आणि दुपारपर्यंत त्या रांगेचीच बातमी होते. त्याच वेळी, द्रुतगती मार्गाला जवळपास खेटून असलेल्या मळवली स्थानकावर पुणे-लोणावळा लोकल मिनिटभर थांबते आणि पुढे निघून जाते. या फलाटावरून भाजे लेणी पाऊण तासाच्या चालीवर, तर लोहगड दोन-अडीच तासांच्या चालीवर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत लोहगड आहे. लोकलच्या स्थानकातून बाहेर पडून थेट चालत गाठता येईल असा या बारांतला हा एकच किल्ला. तरीही तिथे जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पार्किंगचा. लोकल, थोडी एसटी आणि दोन पाय एवढ्यावर शनिवार-रविवार कसा बसवायचा, त्यात अडचणी कोणत्या आणि पावसात खरा धोका कुठे असतो, याचा हा आढावा.

लेणी, किल्ला आणि लोकल एकाच रेषेत का?

हा योगायोग नाही. कोकणातील कल्याण, सोपाऱ्यासारख्या बंदरांतून देशावर जाणारा माल सह्याद्री चढून यायचा, त्यातील एक महत्त्वाची वाट बोरघाटाची. घाट चढून आल्यावर इंद्रायणीचे खोरे लागते. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे सपाट पट्टा. व्यापारी तांडे याच पट्ट्यातून पुढे जात आणि त्यांच्या दानावर जगणाऱ्या बौद्ध भिक्षुसंघाने आजूबाजूच्या डोंगरांत लेणी खोदून घेतली. भाजे, कार्ला, बेडसे ही तिन्ही लेणी या पट्ट्याच्या आसपास आहेत. पुढे याच वाटेवर नजर ठेवण्यासाठी लोहगड आणि विसापूर ही जोडगोळी उपयोगी पडली. इंग्रजांनी रेल्वे आणली तेव्हा त्यांनाही चढ-उताराचे गणित चुकवता आले नाही. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि बोरघाटाचा अवघड टप्पा १८६३ मध्ये जोडला गेला. त्यानंतर जुना महामार्ग आला, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. सगळे याच चिंचोळ्या खोऱ्यातून गेले.

म्हणजे मळवलीला उतरणारा प्रवासी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रहदारीच्या रस्त्यावरच उतरतो. इथे वेगळी ‘पर्यटन बस’ लागत नाही, त्याचे कारण हे आहे. ज्या गोष्टी पाहायच्या त्या मुळात रस्त्याला धरूनच उभ्या राहिल्या आहेत.

मोटारीऐवजी लोकलने गेल्यास फरक काय पडतो?

पैसे वाचतात हे उघड आहे. लोकलचे तिकीट एका वडापाव-चहाच्या खर्चापुढे जात नाही. पण त्याहून मोठा फरक चालण्याच्या आखणीत पडतो. मोटार जिथे लावली तिथेच परत यावे लागते, त्यामुळे वाट कितीही सुंदर असली तरी तीच दोनदा तुडवावी लागते. लोकलने गेलेल्या माणसाला हे बंधन नसते. मळवलीला उतरावे, कार्ल्याकडून लोणावळ्याला निघावे किंवा कामशेतला चढावे. सरळ रेषेत चालता येते आणि दोन दिवसांत दुप्पट मुलूख पाहून होतो.

दुसरा फरक गर्दीतला. लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत डांबरी रस्ता गेला आहे. भाज्याकडून चढणाऱ्या आणि लोणावळा-दुधिवरे खिंडीकडून येणाऱ्या गाड्या तिथे एकत्र येतात. रस्ता घाटातला, अरुंद. एका बसला वळण घेता आले नाही की मागे सगळे थांबते. पावसाळी रविवारी याच रस्त्यावर चालणारा माणूस मोटारीला मागे टाकतो, हे दृश्य नवे नाही.

गडावर मात्र पायी आलेल्यांनाही गर्दी चुकत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर पर्यटक तासन् तास अडकल्याच्या चित्रफिती राज्यभर फिरल्या. त्यामागे साधे प्रवाहाचे गणित आहे. गडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे आहेत आणि त्यांना जोडणारी वाट नागमोडी आहे. शत्रूची फौज एका वेळी थोडीच आत शिरावी, यासाठीच ही रचना. रविवारी अकरा वाजता चढणारे आणि उतरणारे दोन्ही लोंढे याच वाटेवर समोरासमोर येतात आणि जुन्या काळची संरक्षण व्यवस्था आपले काम चोख बजावते. त्यावर उपाय एकच, शनिवारी जाणे किंवा सकाळी नऊच्या आत दरवाजे ओलांडणे.

पहिला दिवस : मळवली, भाजे, लोहगड

पुण्याहून पहाटेच्या लोकलपैकी एखादी पकडावी. पुणे स्थानक, शिवाजीनगर, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव, वडगाव असे करत मळवलीला पोहोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर कामशेत सोडल्यानंतर विसापूरची लांबलचक सपाट माथ्याची भिंत दिसू लागते. मुंबईकरांनी सकाळच्या इंद्रायणी किंवा डेक्कन एक्सप्रेसने लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी. मळवली हे पुढचेच स्थानक. लांब पल्ल्याच्या गाड्या मळवलीला थांबत नाहीत, त्यामुळे लोणावळ्यातील ही गाडीबदल टळत नाही. दोन गाड्यांत अर्धा-पाऊण तास हाताशी राहील असे बघावे.

स्थानकाच्या दक्षिणेला निघून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाचा रस्ता सुरू होतो. पुलावरून खाली पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ताशी शंभरने धावणाऱ्या गाड्या खाली आणि आपण पाठीवर पिशवी घेऊन वर. दोन किलोमीटरच्या आत भाजे गाव येते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरे. या भागात पिकणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाला, म्हणजे सकाळी लोकलने जे वडगाव मागे टाकले तेच. गावातल्या घरगुती खाणावळीत भात मागितला तर बहुधा तोच पानात येतो. थोडासा चिकट, वासाचा.

लेण्यांना गावातून पायऱ्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तिकीट काढून आत जायचे. एकूण २२ लेणी, सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. इथे घाई करू नये असे आमचे मत आहे, कारण लोहगडच्या ओढीने बहुतेक जण चैत्यगृहाचा एक फोटो घेऊन निघतात. त्या चैत्यगृहाचे खांब नीट पाहा. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा बाहेरच्या बाजूला पडणारा दाब पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवावे लागत. दगडात कोरलेल्या दालनाला याची काही गरज नाही, कारण सगळा डोंगर एकसंध आहे. पण कारागिरांचा हात लाकडावर बसलेला होता, त्यांनी सवयीने तीच रचना दगडात उतरवली. स्थापत्य एका साहित्यातून दुसऱ्यात जाताना काय काय सोबत घेऊन जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण लोकलच्या अंतरावर दुसरे नाही.

पुढे १४ लहान स्तूपांचा समूह आहे, पाच लेण्याच्या आत आणि नऊ बाहेर. हे तिथे राहिलेल्या भिक्षूंचे स्मारक. काहींवर त्यांची नावे कोरलेली आहेत. शेवटच्या विहारात रथातून जाणारी आणि हत्तीवर बसलेली अशी दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणण्याची पद्धत आहे, मात्र अभ्यासकांत त्यावर एकमत नाही.

भाज्यातून वर निघाले की रस्ता गायमुख खिंडीकडे चढतो. खिंडीच्या एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. खिंडीतून लोहगडवाडी आणि तिथून पायऱ्यांनी गड. शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये लोहगड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. सुरतेहून आणलेली संपत्ती काही काळ इथे ठेवली होती. पेशवाईत नाना फडणवीसांचा या गडावर जीव होता. त्यांच्या काळातले मोठे टाके आजही पाणी धरून आहे. गडाची वस्ती मात्र त्याहून फार जुनी. २०१९ मध्ये गडाच्या कड्यातील एका गुहेत ब्राह्मी शिलालेख आढळला, त्याचा काळ भाजे लेण्यांच्या जवळपासचा सांगितला जातो.

गडाच्या पश्चिमेला डोंगराची एक लांब, अरुंद सोंड पुढे निघाली आहे. वरून पाहिले तर विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. तिच्यावर जायला एक छोटा दगडी टप्पा उतरावा लागतो, तो ओला असेल तर जपून. वाऱ्याचा दिवस असेल तर टोकापर्यंत जाण्याचा हट्ट सोडावा. माचीवरून पवना धरणाचे पाणी तसेही दिसते.

मुक्काम लोहगडवाडीत किंवा खाली भाज्यात करावा. दोन्हीकडे घरगुती सोय होते. पिठले-भाकरी, ठेचा, मिळाले तर गावठी कोंबडी. शनिवारी न सांगता गेल्यास जागा मिळेलच असे नाही, आधी फोन करून ठेवलेला बरा. गडावर तंबू ठोकायला मनाई आहे. ही संरक्षित वास्तू आहे आणि सूर्यास्तानंतर वर थांबता येत नाही.

किती वेळ लागेल, हे आधी कसे काढायचे?

नकाशावरचे ॲप सांगते ते चालण्याचे मिनिटांचे गणित शहरातल्या फुटपाथचे असते. डोंगरासाठी एक जुना आणि सोपा नियम आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवायचा.

आता हे लोहगडाला लावून पाहू. मळवली स्थानक ते गडमाथा हे अंतर साधारण सात किलोमीटर. त्याला ८४ मिनिटे. स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, गड १०३३ मीटर. म्हणजे चढ चारशे मीटरच्या आसपास, त्याला ४० मिनिटे. बेरीज दोन तास चार मिनिटे. हा नियम सरावाच्या, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. घरातली मंडळी, पाऊस, भजीची टपरी हे सगळे धरून त्यात एक तृतीयांश वेळ वाढवा. पावणेतीन तास होतात. भाजे लेण्यांना एक तास, गड आणि विंचूकाटा पाहायला दोन तास. उतरायला, थेट स्थानकापर्यंत, दोन तास धरा. एकूण पावणेआठ तास.

साडेसातला मळवलीला उतरलेला माणूस सव्वातीनच्या सुमाराला पुन्हा फलाटावर येतो. एका दिवसात हे बसते, पण त्यात काही चुकायला जागा उरत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात पुण्यात सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहा वाजता. जुलैत सातनंतरही उजेड असतो, पण ढगांमुळे डोंगरात तो अर्धा तास आधीच संपतो. मुक्काम केला तर हे सगळे टेन्शन जाते. म्हणून दोन दिवस.

दुसरा दिवस : कार्ला, आणि तिथून लोणावळा

रविवारी सकाळी लवकर उतरून मळवली स्थानक ओलांडायचे आणि उत्तरेकडे निघायचे. इंद्रायणीवरचा पूल, मग जुना मुंबई-पुणे महामार्ग, मग कार्ल्याचा फाटा आणि समोरचा डोंगर. हा टप्पा चार-पाच किलोमीटरचा, बराचसा सपाट आणि खरे सांगायचे तर महामार्गाजवळ थोडा कंटाळवाणा. ज्यांना नको त्यांना स्थानकाबाहेर रिक्षा मिळते, भाडे आधी ठरवून बसावे.

कार्ल्याचे चैत्यगृह भाज्यानंतर पाहण्यात मजा आहे. भाज्यात जे चाचपडत सुरू झाले ते इथे दोन-अडीच शतकांनी पूर्ण आत्मविश्वासाने उभे आहे. सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच असे हे देशातले सर्वांत मोठे खोदीव चैत्यगृह. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र मूळचे आहे. दोन हजार वर्षे सह्याद्रीचा पाऊस पाहिलेले लाकूड. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी, ती म्हणजे इथले शिलालेख. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे लिहून ठेवतो. धेनुकाकट नावाच्या गावचे कित्येक लोक, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही, एकेका खांबाचे दान नोंदवतात. भर वाटेवरच्या जागेला वाटसरूंनी वर्गणी काढून सजवले, असे याचे सरळ वाचन करता येईल.

लेण्याच्या दारातच एकवीरा आईचे मंदिर आहे. आगरी-कोळी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाचे हे कुलदैवत. रविवारी, नवरात्रात आणि चैत्रात पायऱ्यांवर मोठी गर्दी असते. लेणे शांतपणे पाहायचे असेल तर सकाळी उघडताच आत शिरावे. दहानंतर चैत्यगृहातला आवाज बाजारासारखा होतो. उतरल्यावर कार्ला फाट्यावरून लोणावळ्याकडे एसटी किंवा वाटणीची रिक्षा मिळते. मुंबईकरांची वाट इथे संपते. पुणेकरांना लोणावळ्याहून लोकल सुरुवातीच्या स्थानकातून मिळते, म्हणजे बसायला जागा मिळण्याची शक्यता मळवलीपेक्षा बरी.

दुपारी लोकल का मिळत नाही?

लोकलने भटकणाऱ्यांची सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे. पुणे-लोणावळा मार्गावर सकाळी आणि संध्याकाळी गाड्या बऱ्या, पण दुपारच्या काही तासांत वेळापत्रक जवळपास ओस पडते. दुरुस्ती-देखभालीसाठी रुळांवर दुपारचा ‘ब्लॉक’ ठेवला जातो, हे त्याचे कारण सांगितले जाते. मूळ दुखणे मात्र रुळांच्या संख्येत आहे. जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोनच मार्गिका आहेत. त्यांवरूनच मुंबई-पुण्याच्या एक्सप्रेस, दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल चालवायच्या. लोकल दर तीन-चार किलोमीटरला थांबते, एक्सप्रेस थांबत नाही. एकाच रुळावर असा वेगातला फरक असला की एका लोकलमागे एक्सप्रेसच्या बऱ्याच जागा वाया जातात. साहजिकच पहिली काट लोकलवर बसते.

तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी त्यामुळे जुनी आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये या प्रकल्पाला मान्यता दिली. प्रत्यक्षात रूळ पडायला काही वर्षे जातील. तोवर मावळातील विद्यार्थी, कामगार आणि दूध-भाजी घेऊन येणारे यांना दुपारची झळ रोज बसते, भटक्यांना फक्त रविवारी. तरी नियोजनाच्या दृष्टीने नियम एकच : आधी परतीची गाडी ठरवायची, मग चालायचे किती ते ठरवायचे. उलटे केले की बारा वाजता फलाटावर येऊन तीन तास बाकावर बसावे लागते. वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावे, कारण रविवारी मेगाब्लॉकमुळे काही गाड्या रद्द होतात. तिकीट रेलवन ॲपवर काढता येते. डोंगराच्या कुशीत नेटवर्क दगा देते, तेव्हा खिडकीसाठी सुटे पैसे खिशात असू द्यावेत.

पावसात खरा धोका कुठे?

पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याच्या कित्येक पट. अंतर मात्र ६४ किलोमीटर. शिवाजीनगरला ऊन असताना निघालेला माणूस मळवलीला धो-धो पावसात उतरतो आणि ‘पुण्यात तर काहीच नव्हते’ असे म्हणतो. घाटमाथा ढग अडवतो आणि उरलेसुरले पुण्यापर्यंत पोहोचते, एवढेच यामागचे शास्त्र. पण धोका ओळखायला ते पुरेसे आहे. आपण उभे आहोत तिथला पाऊस नव्हे, वरच्या पठारावरचा पाऊस पाण्याची पातळी ठरवतो.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच. पाण्याच्या मधोमध खडकावर उभे असताना काही क्षणांत प्रवाह वाढला आणि काठ तुटला. गुडघ्याएवढे वेगवान पाणीही उभ्या माणसाचे पाय उचलते, कारण प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवार, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. या दोन्ही दुर्घटनांत कोणी अवघड कडा चढत नव्हते. सहलीला आलेली माणसे होती.

त्यामुळे या भटकंतीत तीन गोष्टी पावसाळ्यात सरळ वगळाव्यात. भाज्याच्या धबधब्याखाली जाणे ही पहिली. दुसरी, विसापूर. लोहगडापेक्षा तो उंच आहे, माथा प्रचंड विस्तीर्ण आहे आणि वर जाणारी घळीतली वाट जोराच्या पावसात ओढा होते. धुक्यात त्या पठारावर दिशा कळत नाही. तिथे वाट चुकलेल्यांना शोधायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या बचाव पथकांना धावावे लागते. नोव्हेंबरनंतर विसापूर खुशाल करावा, तटबंदी पाहण्यासारखी आहे. तिसरी गोष्ट, लोहमार्गाच्या कडेने चालत ‘जवळची वाट’ काढणे. हे गावकरी करतात म्हणून आपण करू नये. ते गुन्हा तर आहेच, शिवाय पावसात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही.

जिल्हा प्रशासन जोराच्या पावसात धबधबे, धरणे आणि काही गडांवर बंदीचे आदेश काढते. ते आदेश अनेकदा आदल्या दिवशी येतात. हवामान विभागाने पुणे घाटमाथ्यासाठी लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी फार बुडत नाहीत, लोकलचा हाही एक फायदा.

मग जायचे कधी?

सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. जोर ओसरलेला असतो, ओढे वाहते असतात, लोहगडाच्या उतारावर सोनकीचा पिवळा थर चढतो आणि खाली खाचरांत भात सोनेरी होऊ लागतो. जूनच्या पहिल्या पावसाची हौस सगळ्यांना असते, पण तेव्हा शेवाळलेल्या पायऱ्या आणि गर्दी दोन्ही एकदम भेटतात. मार्च ते मे या काळात दुपारी डोंगर तापतो. लेणी तेवढी पाहावीत.

बुटांचा तळ खाचेचा हवा, छत्रीऐवजी रेनकोट, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि विजेरी. प्लास्टिकच्या बाटल्या गडावर रिकाम्या करून तिथेच सोडण्याची सवय इतकी मुरलेली आहे की लोहगडवाडीतल्या लोकांना सोमवारी वेगळी फेरी मारावी लागते. आपली बाटली परत आणावी.

ज्यांचे भाजे-कार्ला आधी झाले आहे त्यांच्यासाठी याच मार्गावर एक शांत पर्याय आहे, बेडसे लेणी. मळवलीच्या एक स्थानक अलीकडे, कामशेतला उतरायचे. तिथून पवनानगरच्या दिशेने एसटी आणि वडाप गाड्या जातात. करुंज-बेडसे फाट्यावर उतरून गावातून पायऱ्या चढायच्या. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले हे चैत्यगृह आकाराने कार्ल्याहून लहान, पण दर्शनी खांबांवर घोडे आणि हत्तींवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत आणि रविवारी सकाळीही तिथे चार-पाच माणसांपलीकडे कोणी नसते. लेण्याचे तोंड पूर्वेला असल्याने ऊन सकाळीच आत येते, म्हणून पहिली लोकल धरावी. परतीची एसटी किती वाजता हे उतरतानाच वाहकाला विचारून ठेवायचे.